वस्तीवरचे पहिले ड्रिल मशीन : घ्यावे का, आणि घेतल्यास कोणते?

रब्बी ज्वारीची पेरणी म्हणजे वाफशाचा खेळ. वाफसा आपल्या सोयीने येत नाही आणि आला की आपल्यासाठी थांबतही नाही. नेमका त्याच दिवशी पाभरीचा बोल्ट तुटतो, नाहीतर पट्टीचे भोक फाकून दाता डुलायला लागतो. काम म्हटले तर दहा मिनिटांचे. पण पट्टी मोटारसायकलला बांधून तालुक्याला जायचे, वर्कशॉपसमोर ट्रॉल्यांची रांग, त्यात लाइट गेलेली, आणि घरी यायला दिवेलागण. दोन भोकांसाठी पेरणीचा एक दिवस गेला, हा हिशोब कुठल्याच वहीत लिहिला जात नाही. कर्जत-जामखेडच्या कोरडवाहू पट्ट्यात तर असा एक दिवस म्हणजे कधी कधी अख्ख्या हंगामाचा फरक असतो.

यावर उपाय म्हणून आता बऱ्याच वस्त्यांवर वेल्डिंग मशीन आले आहे. ग्राइंडर तर घरोघर झाला. पण भोक पाडायची वेळ आली की अजूनही हातड्रिलवर दोघे जण छाती टेकवून जोर लावतात, नाहीतर सरळ वेल्डिंगच्या रॉडने भोक उडवतात. इथेच खरे नुकसान होते. रॉडने उडवलेले भोक गोल नसते. त्याच्या कडा वेड्यावाकड्या होतात, बोल्ट सगळ्या बाजूंनी न टेकता एक-दोन ठिकाणीच टेकतो आणि थोड्याच दिवसांत ढिला होतो. कमानपाट्यासारखे पोलाद असेल तर तापलेली कड ठिसूळ होते आणि तिथूनच चीर सुटते. मग नांगर बदनाम होतो, बोल्ट बदनाम होतो. भोक कसे पाडले होते, ते कोणी विचारत नाही.

म्हणून उभे ड्रिल मशीन. वर्कशॉपवाले त्याला बेंच ड्रिल किंवा पिलर ड्रिल म्हणतात. पहिलेच मशीन घ्यायचे आणि खिसाही सांभाळायचा, अशा शेतकऱ्याने दुकानात काय पाहावे, काय विचारावे आणि कुठे फसू नये, याची ही माहिती.

आधी वही, मग दुकान

पहिला प्रश्न मशीन कोणते हा नसून मशीन हवे का, हा आहे. मागच्या वर्षभरात भोक पाडण्यासाठी किती वेळा तालुक्याला जावे लागले, ते आठवून कागदावर मांडावे. किती भोके, किती मापाची, किती जाडीच्या लोखंडात, तेही लिहावे. वर्षाला चार-दोन खेपा असतील तर मशीनचे नावच काढू नये. शेजारच्या गावात ज्याच्याकडे आहे त्याच्याशी संबंध चांगले ठेवावेत. पण कांदा चाळीचे अँगल, गोठ्याची दावण, ट्रॉलीचे फाळके, ठिबकचे स्टँड, कोळप्याच्या फासा, गेटचे बिजागर अशी कामे सारखी निघत असतील तर मशीन कामाला येईल.

दुसरा मार्ग भागीत घेण्याचा. एकाच शिवेवरच्या तीन-चार भाऊबंदांनी मिळून एक चांगले मशीन घेतले तर चार हलकी मशीने घेण्यापेक्षा ते केव्हाही परवडते. मात्र मशीन कोणाच्या शेडमध्ये राहील, बीट मोडला तर कोणी भरून द्यायचा आणि वीजबिल कसे वाटायचे, हे आधीच लिहून ठेवावे. विहिरीच्या पाळीवरून भांडणारे आपण; ड्रिल मशीनच्या पाळीवरूनही भांडू.

सुताचे माप आणि मशीनचे माप

आपल्याकडे अजून सुताची भाषा चालते. आठ सूत म्हणजे एक इंच. म्हणजे चार सुती भोक अर्ध्या इंचाचे, साधारण १२.७ मिलिमीटर; पाच सुती जवळजवळ १६ मिलिमीटर; सहा सुती १९ मिलिमीटर. दुकानात मात्र मशीन मिलिमीटरवर विकले जाते. ‘तेरा एमएमचे मशीन’ म्हणजे त्याच्या चकमध्ये जास्तीत जास्त तेरा मिलिमीटर जाडीच्या दांड्याचा बीट बसतो. म्हणून आपले लागणारे माप मिलिमीटरमध्ये मांडूनच दुकानात जावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बोल्टचे माप आणि भोकाचे माप एक नसते. बारा मिलिमीटरच्या बोल्टला भोक तेरा ते साडेतेराचे लागते. सोळाच्या बोल्टला साडेसतराचे. म्हणजे तेराच्या मशीनवर बारापर्यंतचे बोल्ट निर्धास्त बसतात. पाभर, कोळपे, चाळीचे अँगल, गेट, दावण ही बहुतेक सगळी कामे यात आली.

ट्रॅक्टरच्या जोडणीचे काम मात्र वेगळे. लहान ट्रॅक्टरच्या तीन-बिंदू जोडणीत खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या आणि वरची १९ ची असते. मोठ्या ट्रॅक्टरला त्या अनुक्रमे २८ आणि २५ च्या लागतात. अशा पिनांची भोके जाड पाट्यात पाडायची असतील तर तेराचे टेबलावरचे मशीन त्यात थकते. बारीक दांड्याचे मोठे बीट बाजारात मिळतात, ते तेराच्या चकमध्ये बसतातही. पण चकमध्ये बसला म्हणजे मशीन तो ओढेलच असे नाही. बैलगाडीला ट्रकचे चाक बसले म्हणून बैल ट्रकचा माल ओढत नाहीत, तसेच हे.

असे मोठे भोक वर्षातून पाच-सहाच पाडायचे असेल तर ते तालुक्यालाच पाडून आणावे. त्या पाच-सहा भोकांसाठी दुप्पट-तिप्पट पैशाचे मशीन घेऊ नये. गावात दुरुस्तीचा धंदा करायचा असेल, तर मात्र सुरुवातच वीस-पंचवीस मिलिमीटरच्या उभ्या पिलर मशीनने करावी. त्याच्या स्पिंडलला आतून निमुळती खाच असते, तिला मोर्स टेपर म्हणतात. स्टीव्हन मोर्स या अमेरिकन कारागिराने १८६३ साली पिळाच्या ड्रिलचे पेटंट घेतले. त्याचे नाव आजही प्रत्येक वर्कशॉपमध्ये घेतले जाते ते असे. टेपरच्या २ नंबरात साधारण २३ मिलिमीटरपर्यंतचे निमुळत्या दांड्याचे बीट थेट बसतात, चक लागत नाही आणि बीट सटकतही नाही.

वरचा नव्हे, खालचा वेग विचारा

दुकानदार हौसेने सांगतो, ‘साहेब, हे मशीन अडीच हजार फेऱ्यांनी फिरते.’ लोखंडाच्या कामाला त्या अडीच हजाराचा काहीच उपयोग नाही. आपण विचारायचे, ‘सगळ्यात हळू किती फिरते?’

साध्या लोखंडात चांगल्या हायस्पीड बीटची धार मिनिटाला सुमारे पंचवीस मीटर वेगाने चालावी, असा कारखान्यांतला रिवाज आहे. त्यावरून सोपा हिशोब निघतो : आठ हजाराला बीटच्या मिलिमीटरने भागा. सहाच्या बीटला मिनिटाला सुमारे तेराशे फेरे, आठच्या बीटला एक हजार, दहाच्याला आठशे, तेराच्याला सहाशे, सोळाच्याला पाचशे आणि वीसच्याला चारशे. कडक पोलाद असेल तर आठ हजाराऐवजी चार हजाराला भागावे. कमानपाट्याला तर आधी लाल तापवून राखेत हळूहळू थंड होऊ द्यावे आणि मगच बीट लावावा. मात्र तिथली कमानीची लवचीकता गेली, हे लक्षात ठेवूनच तो पाटा वापरावा.

आता बघा, मशीनचा सगळ्यात हळू वेग सहाशे असेल तर त्यावर तेराच्या पुढचा बीट लोखंडात चालवणे म्हणजे बीट जाळणे आहे. धार निळी पडते, चरचर आवाज येतो आणि बीट नुसता घासत राहतो. शेतकरी म्हणतो बीट हलका होता. दोष बीटचा नसतो, वेगाचा असतो. म्हणून पुलीच्या झाकणाच्या आत लावलेला वेगाचा तक्ता दुकानातच उघडून वाचावा. मोटरच्या सगळ्यात लहान पुलीवरून स्पिंडलच्या सगळ्यात मोठ्या पुलीवर पट्टा टाकला की वेग सगळ्यात कमी होतो. सायकलच्या मोठ्या चकतीचे आणि फ्रीव्हीलचे गणित ज्याला कळते त्याला हेही कळेल.

पट्टा बदलायला सोपा आहे का, तेही हात लावून पाहावे. पट्टा बदलणे जिकिरीचे असेल तर माणूस कंटाळतो आणि सगळी कामे एकाच वेगावर करतो. मग चार पायऱ्यांच्या पुलीचे पैसे फुकट गेले.

वजन म्हणजे ताकद

बाजारात तेराचीच दोन मशीने शेजारी शेजारी दिसतात. एक पंधरा-वीस किलोचे, रंग चकचकीत; दुसरे त्याच्या दुपटी-तिपटीने जड, ओबडधोबड दिसणारे. किमतीतही तेवढा फरक. पहिले हलके मशीन लाकूड, पत्रा आणि पातळ पट्टीला ठीक. अँगल, चॅनल, जाड फ्लॅट यांना दुसरे. कारण बीटवर जोर दिला की हलक्या मशीनचा खांब मागे झुकतो, टेबल पुढे वाकते आणि भोक तिरपे पडते.

तपासणी सोपी आहे. टेबल घट्ट आवळावे, चकमध्ये सरळ दांडा धरावा आणि दांडा व टेबल यांच्यात गुण्या लावावा. मग टेबलावर लाकडाचा ठोकळा ठेवून हँडल दाबावे आणि गुण्याकडे पाहावे. जोराबरोबर फट उघडताना दिसली तर मशीन कमजोर. पायथा आणि टेबल बीडाचे आहे की नुसता पत्रा वाकवून केलेले, हे वाजवून कळते. खांब हाताने धरून हलवावा. स्पिंडल पूर्ण खाली घेऊन दोन बोटांनी आडवा हलवून पाहावा. तिथे खडखड लागली तर भाव कितीही उतरवला तरी ते मशीन घेऊ नये.

यानंतर चकमध्ये नवा सरळ बीट लावून मशीन चालू करावे आणि बीटच्या टोकाकडे बघावे. टोक एका जागी स्थिर दिसले पाहिजे. ते भोवऱ्यासारखे फिरत असेल तर भोक बीटपेक्षा मोठे पडणार. अशा वेळी चक काढून दुसरा चक लावून पाहायला सांगावे. चकचा दोष असेल तर चक बदलून मिळतो. स्पिंडलच वाकडा असेल तर त्याला इलाज नाही.

चकच्या मध्यापासून खांबापर्यंत किती अंतर आहे, तेही मोजावे. शंभर मिलिमीटर अंतर असेल तर दोनशे मिलिमीटर रुंद पाट्याच्या मध्यापर्यंत बीट पोहोचतो, त्यापुढे नाही. लांब अँगल टेबलावर टाकला तर त्याचे दुसरे टोक भिंतीला अडते का, हे मशीन बसवायची जागा ठरवतानाच पाहावे.

लाइटचे गणित

मशीनला अर्धा अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर तेराच्या कामाला पुरते; एक अश्वशक्तीची असेल तर जास्त बरे. मोटरवरची पाटी वाचावी : अश्वशक्ती, फेरे, व्होल्ट, अँपिअर. पाटीच नसेल तर ते मशीन तिथेच सोडावे.

वस्तीवरच्या लाइटचा दाब आपल्याला माहीत आहे. २३० च्या जागी १८० व्होल्ट मिळाले तर मोटरची ताकद सरळ चौथाईने कमी होत नाही, ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. म्हणजे सुमारे साठ टक्केच उरते. मोटर घूं घूं करते, उचलत नाही आणि आपण हँडल दाबतच राहिलो तर जळते. दाब कमी असताना मोठा बीट चालवू नये. हा साधा नियम पाळला तर रिवाइंडिंगचा खर्च वाचतो.

जुन्या मोठ्या मशीनला बहुधा थ्री फेज मोटर असते. घरगुती सिंगल फेजवर ती तशीच चालत नाही. मोटर बदलावी लागते किंवा त्यासाठी वेगळी सोय करावी लागते. ‘शेतीच्या लाइनवर चालवू’ हा विचार मनातून काढून टाकावा. शेतीपंपाची जोडणी पंपासाठी दिलेली असते. ज्या कामासाठी जोडणी दिली त्याखेरीज दुसऱ्या कामाला ती वीज वापरणे हे विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापरात मोडते आणि त्याची आकारणी जबर असते. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्य सरकारने मोफत विजेची योजना लागू केली, म्हणून तर ही काळजी आणखी घ्यावी. भाड्याने काम करणार असाल तर त्या वापराची योग्य जोडणी महावितरणकडून रीतसर घ्यावी.

अर्थिंगशिवाय मशीन चालू करू नये. सबंध मशीन लोखंडाचे, खाली ओली जमीन, पायात चप्पल नाही. एवढे एकत्र आले की काय होते ते सांगायला नको. मीटरच्या पुढे तीस मिलीअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसवून घ्यावा. त्याचा खर्च मशीनच्या खर्चातच धरावा.

जुने मशीन स्वस्त, पण कधी?

बंद पडलेल्या किंवा नवी यंत्रे आणणाऱ्या वर्कशॉपमधून जुनी मशीने निघतात. नगरची नागापूर एमआयडीसी, सुपा, श्रीरामपूर, आणि पलीकडे पुणे-नाशिक. शोधणाऱ्याला माल मिळतो. जुने जड बीडाचे मशीन नव्या हलक्या मशीनपेक्षा कैक पटीने चांगले असू शकते. पण ते बघायला जाताना जाणता माणूस बरोबर न्यावा.

असा माणूस आपल्या जिल्ह्यात शोधायला फार लांब जावे लागत नाही. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याने १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू केले आणि त्यापाठोपाठ जिल्हाभर कारखाने उभे राहिले. त्या कारखान्यांच्या वर्कशॉपनी फिटर, टर्नर आणि वेल्डरच्या कित्येक पिढ्या तयार केल्या. आज गावोगाव असे निवृत्त फिटर पारावर बसलेले दिसतात. त्यांना चहा पाजून गाडीत बसवावे. मशीनला कान लावून ते जे सांगतील ते कुठल्याच छापील पत्रकात मिळणार नाही.

जुन्या मशीनमध्ये पाहायचे ते असे : टेबलाची चाळणी झाली आहे का, हँडल सोडल्यावर स्पिंडल आपोआप वर येतो का, रॅकचे दात झिजले आहेत का, खांबावर गंज किती खोल आहे, बेअरिंग घरघरते का आणि त्याचा नंबर बाजारात मिळणारा आहे का. टेबलाला दोन-चार भोके पडलेली असली तर बिघडत नाही. स्पिंडल आणि बेअरिंग धड असावे. विकणाऱ्याकडून नावनिशीची पावती जरूर घ्यावी. चोरीचा माल गळ्यात पडू नये. नवे मशीन असेल तर जीएसटीचे पक्के बिल आणि हमीपत्र घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

शंभरातले तीस रुपये बाजूला

बहुतेक जण सगळे पैसे मशीनला घालतात आणि मग बीट हलके, व्हाइस नाही, अशी अवस्था होते. शंभर रुपये खर्चायचे असतील तर सत्तर मशीनला आणि तीस बाकीच्या सामानाला, असा बेत धरावा. त्या तिसात पहिला मान मशीन व्हाइसचा. दुसरा दोन-तीन सी-क्लॅम्पचा. तिसरा बीटचा : पंचवीस-तीस नगांचा हलका डबा घेण्यापेक्षा चार, सहा, आठ, दहा आणि तेरा एवढीच मापे, पण चांगल्या कंपनीची, हायस्पीड स्टीलची घ्यावीत. सहाचे दोन घ्यावेत, कारण मोडतो तोच. सेंटर पंच, तेलाची बुधली आणि डोळ्यांचा चष्मा एवढे झाले की संच पुरा झाला.

बीटला धार लावता येणे हे मशीन घेण्याइतकेच महत्त्वाचे. साध्या बीटच्या टोकाचा कोन ११८ अंशांचा असतो आणि दोन्ही धारा सारख्या लांबीच्या असाव्या लागतात. एक धार लांब झाली की भोक मोठे पडते. हे पुस्तकात वाचून येत नाही. दहा बीट वाया घालवून नाहीतर आयटीआय झालेल्या पोराकडून शिकून येते. पारनेरच्या हद्दीपलीकडे, शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचे, हेच तिथले शिक्षण. वेल्डिंग, फिटिंग, सुतारकाम, शेती सगळे एकाच छपराखाली. आपली पोरे दहावी-बारावीनंतर काय करणार असा प्रश्न पडलेल्या पालकांनी ते एकदा पाहून यावे. मशीन घरात आले आणि चालवणारा हात नाही, तर ते गोणपाट टाकून ठेवलेले लोखंड होऊन बसते.

बोटे वाचवा

ड्रिल मशीन दिसायला गरीब, म्हणूनच घातकी. ग्राइंडरची भीती वाटते, ड्रिलची वाटत नाही. भोक पाडताना सगळ्यात धोक्याचा क्षण शेवटचा. बीट खालून बाहेर पडायला लागला की तो लोखंडात अडकतो आणि हातात धरलेली पट्टी पंख्याच्या पात्यासारखी गरकन फिरते. बोटे जातात ती इथे. म्हणून तुकडा कितीही लहान असो, तो व्हाइसमध्ये किंवा क्लॅम्पने टेबलाला बांधल्याशिवाय मशीन चालू करायचे नाही. शेवटच्या क्षणी हँडलचा जोर कमी करायचा. पातळ पत्र्याखाली लाकडाची फळी घ्यायची.

हातमोजे घालून ड्रिल चालवू नये. हे उलटे वाटेल, पण मोज्याचा दोरा बीटला गुंडाळला की हात ओढला जातो. गळ्यातले उपरणे, मफलर, लोंबत्या बाह्या, सैल पदर, मोकळे केस, हातातले कडे हे सगळे मशीनपासून लांब. चकची चावी चकमध्येच ठेवून बटण दाबू नये. ती गोफणीच्या धोंड्यासारखी सुटते. लोखंडाचा कीस हाताने ओढू नये, मशीन बंद करून ब्रशने काढावा. पट्ट्यावरचे झाकण काढून मशीन चालवू नये. आणि शाळा सुटल्यावर पोरे शेडमध्ये येतात. म्हणून काम झाले की प्लग काढून ठेवावा.

मोठे भोक एकदम पाडू नये. आधी पंच मारावा, मग पाच-सहाच्या बीटने वाट करावी आणि नंतर मोठा बीट लावावा. लोखंडाला तेलाचे थेंब देत राहावे. बीडाला मात्र कोरडेच पाडावे. खताच्या गोण्या मशीनच्या शेजारी रचू नयेत. युरिया आणि पोटॅशच्या दमट हवेने खांब आणि चक पावसाळाभरात गंजतो. काम झाल्यावर खांबावरून आणि टेबलावरून तेलाचा बोळा फिरवला की झाले.

गावच्या कारभाऱ्यांसाठी

सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी यांनीही एक गोष्ट पाहावी. गावातला लोहार-सुतार बलुत्यावर जगत होता, तोपर्यंत अवजाराची दुरुस्ती पांढरीतच होत होती. ट्रॅक्टर आला, बलुते गेले आणि दुरुस्ती तालुक्याला गेली. ती परत गावात आणायची असेल तर त्या कारागिराच्या हाती मशीन गेले पाहिजे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यातल्या अठरा धंद्यांत लोहार आणि सुतार दोन्ही आहेत. प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचे व्हाउचर, आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाख व दुसऱ्या टप्प्यात दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, आणि सरकारी नोकर व त्याच्या कुटुंबाला तो मिळत नाही. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीतच होते. तेव्हा अर्ज टेबलावर पडून राहू नये, ही जबाबदारी गावाचीच आहे. व्हाउचरमध्ये कोणती अवजारे बसतात, ते कारागिराने प्रशिक्षणाच्या वेळीच विचारून घ्यावे. नुसत्या घरच्या वापरासाठी मशीन घेणाऱ्या शेतकऱ्यासाठी ही योजना नाही, हेही लोकांना स्पष्ट सांगावे. उगाच खेपा घालायला लावू नये.

शेतीच्या अवजाराचा धंदा लहान जागेतूनच वाढतो, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, १९०३ मध्ये लोखंडी नांगर बाजारात आणला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. प्रत्येक शेडमधून किर्लोस्कर निघणार नाहीत, पण गावापुरता एक चांगला मिस्त्री निघाला तरी पेरणीचे कितीतरी दिवस वाचतील.

खरेदीचा क्रम थोडक्यात असा ठेवावा. आधी वर्षभराच्या भोकांची यादी करावी. बारा मिलिमीटरपर्यंतच्या बोल्टची कामे जास्त असतील तर जड बांधणीचे तेराचे मशीन; धंदा करायचा असेल तर वीस-पंचवीसचे. तीन दुकानांत भाव विचारावा आणि प्रत्येक ठिकाणी सगळ्यात कमी वेग, वजन आणि मोटरची पाटी लिहून आणावी. पैसे देण्यापूर्वी आपल्याच घरची दहा मिलिमीटर जाडीची पट्टी नेऊन दुकानात तिच्यात दहाचे भोक पाडून पाहावे. जो दुकानदार असे करू देत नाही, त्याच्याकडे घेऊ नये. आणि ही सगळी धावपळ पेरणीच्या तोंडावर करू नये. उन्हाळ्यात, औते शेडमध्ये उभी असताना मशीन आणावे, म्हणजे मृगापूर्वी हात बसलेला असेल.